आडोशाचें माप

निवारा हवा कीं नको, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. निवारा किती हवा, हा प्रश्न मात्र पुष्कळांना पडतो. गरिबाला तो पडत नाहीं, कारण त्याचें उत्तर त्याच्या खिशानें आधींच दिलेलें असतें. अतिश्रीमंतालाहि तो पडत नाहीं. तो पडतो मधल्या माणसाला, ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत, थोडी हौस आहे, आणि आपण फार सुखासीन तर होत नाहीं ना, अशी एक बारीक टोंचणीहि आहे. या टोंचणीची एकदां नीट परीक्षा करावी, असें मला बरेच दिवस वाटत होतें. तिला योग्य असें उदाहरण सांपडलें तें मात्र आपल्या नेहमींच्या व्यवहारांतलें नव्हे. तें आहे दूरच्या सफरी करणाऱ्या एका लहान शिडाच्या नौकेवरचें.

ज्यांनीं अशी नौका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिची रचना थोडक्यांत सांगतों. लांबी दहा-अकरा मीटर, पुढें डोलकाठी, मध्यभागीं दोन-चार पायऱ्या उतरून गेलें कीं निजण्याची व स्वयंपाकाची जागा, आणि पिछाडीला एक उघडा खळगा, त्याला कॉकपिट म्हणतात. सुकाणू येथें, होकायंत्र येथें, शिडाचे दोर ओढावयाचे ते येथूनच. नौकेवरचा सारा संसार खालीं असला तरी तिचा कारभार या खळग्यांत चालतो. आपल्या कोंकणी घराची पडवी जशी ना धड घर ना धड अंगण, तसाच हा प्रकार. लाटेचे तुषार अंगावर येऊं नयेत म्हणून या खळग्याच्या पुढच्या बाजूस टांग्याच्या टपासारखा कापडी टप बसवितात. इंग्रज लोक त्याला स्प्रेहूड म्हणतात, अमेरिकन लोक डॉजर. उन्हासाठीं डोक्यावर छत ताणतात, त्याला बिमिनी असें नांव आहे. आतां टप आणि छत यांमधली फट पारदर्शक तावदानांनीं सांधली, दोन्ही बाजूंना व मागें पडदे सोडले, म्हणजे त्या पडवीची बंद खोली होते. बाहेर पाऊस कोसळत असावा आणि आंत माणसानें कोरड्या अंगानें चहा प्यावा, अशी ही सोय आहे. युरोप-अमेरिकेंतल्या बंदरांत ती आज ठिकठिकाणीं दिसते.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असतो. त्यानें व त्याच्या पत्नीनें मिळून एक जुनी नौका घेतली आहे, आणि सुट्टींत दोघें खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्याला जातात. 'खाडी' म्हटलें तरी ती इंग्लिश खाडी; शेरबूर बंदर साठ-सत्तर सागरी मैलांवर, आणि मधून जगांतल्या अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकीं एक जातो. असा संपूर्ण आडोसा घरच्या शिवणयंत्रावर आपणच शिवावा, असें त्यांनीं ठरविलें. गेल्या उन्हाळ्यांत मी त्यांच्याकडे गेलों तेव्हां जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजीं आराखडे पसरलेले होते, आणि पुढचे दोन दिवस मी दुसरें कांहीं फारसें ऐकलें नाहीं. याबद्दल माझी तक्रार नाहीं. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसाला इतका मूर्त प्रश्न क्वचितच मिळतो.

आराखड्याची पहिली फसगत अशी, कीं तो काढणारा कोरड्या खोलींत बसलेला असतो, आणि ज्याच्यासाठीं काढावयाचा तो माणूस पहांटे तीन वाजतां ओल्या हातांनीं, अर्धवट झोंपेंत उभा असतो. दोघे एकच असले तरी एकमेकांना ओळखत नाहींत. टपाची उंची किती असावी, एवढाच प्रश्न घ्या. सुकाणूपाशीं उभ्या असलेल्या माणसाची दृष्टि एकतर टपावरून गेली पाहिजे, नाहींतर त्याच्या तावदानांतून गेली पाहिजे. टपाचा कांठ नेमका डोळ्यांच्या रेषेंत आला, कीं त्या माणसाची मान सफरभर खालीं-वर होत राहिली म्हणून समजावें. नवरा उंच, बायको ठेंगणी. मग माप कोणाच्या डोळ्यांचें घ्यावयाचें? टप उंच करावा तर शिडाखालचा आडवा दांडा त्याला घांसतो. बुटका करावा तर आंत-बाहेर करतांना कपाळमोक्ष. सांगाड्याला २२ किंवा २५ मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस पोलादाची नळी घेतात. ती कापड तोलण्यापुरती बळकट असून भागत नाहीं. कारण नौका एकदम कलली कीं माणूस हातीं लागेल तें धरतो, आणि पहिल्यानें हातीं लागतो तो हाच सांगाडा. छप्पर म्हणून उभारलेल्या वस्तूला असें आपोआप कठड्याचें काम पत्करावें लागतें.

कापड बहुधा ॲक्रिलिकचें असतें. त्याचा रंग विणल्यानंतर चढविलेला नसून धागा घडतांनाच त्यांत मिसळलेला असतो, म्हणून तें वर्षानुवर्षें उन्हाला दाद देत नाहीं. पण नेहमींचा पॉलिएस्टरचा दोरा त्याच्या आधीं जिरतो. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असा देखावा होतो. जाणते शिवणारे यासाठीं पीटीएफई या द्रव्याचा महाग दोरा घेतात. तावदानें पीव्हीसीचीं, सुमारें १ मिलिमीटर जाडीचीं. तीं गुंडाळतां येतात हा त्यांचा गुण. उन्हानें तापलेल्या नळीला टेकलीं कीं डागाळतात, थंडींत ताठरतात व तशांत घडी घातली तर तडकतात, हे त्यांचे अवगुण. पॉलिकार्बोनेटचीं तावदानें कितीतरी स्वच्छ, पण त्यांची सुरळी होत नाहीं. छताला उतार कमी पडला तर त्याची झोळी होऊन पाणी सांचतें. आणि वाऱ्याचा हिशेब तर सर्वांनीं पाठ करावा असा आहे. त्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो: २ चौरस मीटरच्या ताणलेल्या पडद्यावर २० नॉटांच्या वाऱ्यांत सुमारें १५ किलोंचा भार येत असेल, तर ४० नॉटांत तो ६० किलोंच्या घरांत जातो. म्हणजे ज्या वादळासाठीं आडोसा हवा म्हणून आपण तो शिवतों, त्याच वादळांत तो काढून ठेवण्याची वेळ येते.

आतां टोंचणीकडे वळूं. सागरी मंडळींत एक जुनी पठडी आहे. तिचें म्हणणें असें, कीं समुद्रावर जावयाचें तर भिजावें, गारठावें, नाहींतर घरीं बसावें. जोशुआ स्लोकम यानें १८९५ ते १८९८ या काळांत 'स्प्रे' नांवाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली; त्याला कोठें होतीं पारदर्शक तावदानें? हा युक्तिवाद मोठा खणखणीत वाटतो, आणि आपल्या घरांतूनहि तो निराळ्या वेषांत ऐकूं येतो: आमचे आजोबा कंदिलाच्या उजेडांत शिकले. पण आजोबांजवळ वीज असती तर त्यांनीं ती मालवून कंदील लावला असता, असें मानावयास आधार काय? मागच्या पिढीनें जें निरुपायानें सोसलें त्याला आपण त्यांची निवड समजतों, तिचें पुण्य त्यांच्या पदरीं बांधतों, आणि आपल्या पदरीं विनाकारण पाप घेतों. शिवाय स्लोकमच्या नौकेचा एक विशेष होता. सुकाणू बांधून ठेवलें तरी ती पुष्कळ वेळ आपली दिशा धरून चाले, आणि हा गृहस्थ खालीं खुशाल पुस्तक वाचीत बसे!

याहून बोलका दाखला ब्लॉंडी हॅसलर याचा आहे. हा ब्रिटिश रॉयल मरीन्सचा अधिकारी. १९४२ च्या डिसेंबरांत जर्मनांच्या ताब्यांतील बोर्डो बंदरांत शिरून जहाजांना सुरुंग लावण्यासाठीं दहा माणसें पांच चिमुकल्या होड्यांतून निघालीं, त्यांचा तो नायक. दहांपैकीं जिवंत परतले दोघे; त्यांतला एक हॅसलर. थंडी, ओल आणि मरण यांची ओळख त्याला नव्यानें कोणी करून देण्याची गरज नव्हती. या माणसानें पुढें स्वतःसाठीं जी नौका सिद्ध केली, ती 'जेस्टर', २५ फुटांची. आणि ती वरून जवळजवळ सगळी बंद होती. कॉकपिट त्यानें पार झांकून टाकला. मधोमध एक वाटोळें द्वार, त्यावर फिरवितां येईल असा टप, आणि त्या द्वारांत उभें राहिलें कीं सारे दोर हाताशीं. १९६० सालीं इंग्लंडमधील प्लिमथहून न्यूयॉर्कला एकेकट्यानें अटलांटिक ओलांडून जाण्याची पहिली शर्यत झाली तींत पांच जण होते. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोंचून पहिला आला आणि हॅसलर ४८ दिवसांत दुसरा. याला कोणी सुखासीन म्हणावें?

पण 'जेस्टर'च्या टपाकडे जरा बारकाईनें पहावें. तो फिरत असे. वारा येई तिकडे त्याची पाठ करावी आणि उघडी बाजू दुसरीकडे ठेवावी. डोकें हवें तेव्हां मोकळ्या हवेंत. मला वाटतें, साऱ्या प्रश्नाची किल्ली येथें आहे. वारा माणसाला दोन गोष्टी आणून देतो: गारठा आणि बातमी. गारठ्याला अडविण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं. थंडीनें कांपणाऱ्या माणसाचीं बोटें चालत नाहींत, आणि बोटांच्या मागोमाग विचारहि अडखळूं लागतो. नकाशावरचा आंकडा तो दोनदां वाचतो व तिसऱ्यांदां चुकतो. अशा माणसाला कोरडें ठेवणें हें लाड नव्हेत, ती नौकेची डागडुजीच आहे. पण बातमीची गोष्ट निराळी.

१९७२ सालीं ठरलेल्या आणि १९७७ पासून अमलांत आलेल्या सागरी टक्कर-प्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांतला पांचवा नियम असा आहे, कीं प्रत्येक नौकेनें सर्वकाळ दृष्टीनें आणि श्रवणानेंहि योग्य ती टेहळणी ठेवली पाहिजे. अन्य सारीं साधनें वापरावयाचीं तीं या दोहोंच्या जोडीला. नियम करणाऱ्यांनीं श्रवण हा शब्द उगीच घातला नाहीं. धुक्यांत डोळा निकामी होतो तेव्हां दूरच्या भोंग्याची दिशा कानच सांगतो. आणि संपूर्ण बंद खोलींत पहिला बळी जातो तो कानाचा. पावसाचा छतावरचा ताशा एवढाच काय तो आवाज आंत उरतो. डोळ्याचीहि स्थिति फारशी बरी नसते. दिवसा स्वच्छ वाटणाऱ्या तावदानावर खारें पाणी वाळलें, कीं रात्रीं दूरच्या जहाजाचा दिवा त्यावर फुटून त्याचे दहा दिवे होतात.

तिसरें ज्ञानेंद्रिय मानेवरची त्वचा. शिडाच्या नौकेवर तिचें महत्त्व फार. मागून २० नॉटांचा वारा आहे आणि नौका ७ नॉटांनीं त्याच्याच दिशेनें पळते आहे, तर अंगाला लागतो तो वारा १३ नॉटांचाच. सारें कसें शांत वाटतें! पण कांहीं कारणानें तोंड फिरवून वाऱ्यावर चढण्याची वेळ आली, कीं तोच वारा २४-२५ नॉटांचा होऊन उभा राहतो, आणि शीड त्या मानानें फार मोठें पसरलेलें असतें. म्हणजे आडोसा नसतांनाहि समुद्र माणसाला फसवीतच असतो. आडोशानें त्या फसवणुकीला हातभार लागतो. शीड केव्हां आंखडावें, याला खलाशांचें उत्तर असें, कीं तो विचार प्रथम मनांत येईल तेव्हां. ज्याच्या मानेला वारा लागत नाहीं त्याच्या मनांत तो विचार उशिरा येतो. वाऱ्याचा वेग दाखविणारें यंत्र समोर असतें हें खरें. पण यंत्राकडे पहावें लागतें, आणि वारा आपण होऊन येतो.

सर्वांत वाईट बातमी ती, जी मुळींच येत नाहीं. मोटर चालवून नौका पुढें जात असतां तिच्या पिछाडीला हवेचा भोंवरा फिरतो आणि मोटरीचा धूर त्यांत सांपडून परत आंत खेंचला जाऊं शकतो. त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पुढें सारें बंद व मागें तेवढें उघडें, अशी रचना तर या बाबतींत विशेष घातक. म्हणून टपाच्या मधल्या तावदानाला उघडण्याची सोय ठेवणें आणि मोटर चालू असतांना तें उघडणें याला पर्याय नाहीं. ज्या खोलींत माणसाला फार छान पेंग येते ती खोली त्याला मारीत असण्याचाहि संभव आहे!

या सर्व गोष्टी त्या टेबलावर बोलल्या गेल्या, पण प्रश्नाचें मर्म माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीनें सांगितलें, तेंहि भांडीं आवरतां आवरतां. ती म्हणाली, “सर, रात्रीं याची पाळी असते तेव्हां मी खालीं झोंपतें. मला झोंप लागते ती गादीमुळें नाहीं. वर याला ऐकूं येतं आहे, म्हणून लागते. त्या कानांवरच हा पडदा टाकायला निघाला आहे.”

तो म्हणाला, “अग, तुझ्याच पाळीसाठीं करतोंय हें. मागच्या खेपेला तुझीं बोटें इतकीं गारठलीं होतीं, कीं दोराची गांठ सुटेना.”

दोघेंहि खरें बोलत होतीं, आणि दोघेंहि दुसऱ्यासाठीं बोलत होतीं. मला एकदम जाणवलें, कीं आपली ती मध्यमवर्गीय टोंचणी चुकीचा प्रश्न विचारते. ती विचारते, 'मी मऊ तर होत नाहीं ना?' तिचें सारें लक्ष स्वतःकडे. वेदान्तांत तितिक्षा ही साधकाच्या षट्संपत्तींत गणली आहे, आणि ज्याला स्वतःच्या चित्ताची कसोटी पहावयाची आहे त्यानें शीतोष्ण अवश्य सोसावें. पण पाळीवर बसलेला मनुष्य त्या घटकेला साधक नसतो. त्याचें शरीर त्याचें एकट्याचें नसतें. खालीं निजलेल्यांनीं आपले डोळे व कान त्याच्यापाशीं ठेव म्हणून ठेवलेले असतात. त्यानें व्रत म्हणून गारठणें हा ठेवीचा अपहार, आणि सुखासाठीं कान बंद करून घेणें हाहि ठेवीचा अपहार. दोहोंत फरक एवढाच, कीं पहिल्याची लोक वाहवा करतात.

गाड्यांच्या बंद कांचा आणि उंच इमारतींतल्या बंद खिडक्या यांविषयीं हाच प्रश्न विचारतां येईल. पण तो मोह आवरतों. उपमा फार ताणली कीं तिचीहि शिवण उसवते.

आपल्या कोंकणांत या प्रश्नाचीं उत्तरें शिवलेलीं नव्हेत तर विणलेलीं आहेत. पावसाळा आला कीं झडीच्या बाजूला पडवीला झांप बांधतात, पाऊस सरला कीं सोडतात. बारमाही भिंत कोणी घालीत नाहीं. भातलावणी करणाऱ्या बाईचें इरलें त्याहून शहाणें. तें डोकें झांकतें, वांकलेली पाठ झांकतें, आणि पुढें सगळें मोकळें सोडतें, कारण दोन्ही हात चिखलांत आहेत आणि डोळे रोपांवर. तें इरलें आहे म्हणून ती बाई कष्टाला भिते, असें कोणीं म्हटल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साठी उलटलेलीं कित्येक जोडपीं केवळ या बंद खोलीमुळें समुद्रावर टिकून आहेत. ती नसती तर त्यांनीं नौका विकली असती. त्यांना नियमाचें पुस्तक दाखवून घरीं बसविणें मला निर्दयपणाचें वाटतें. आणि नौका नांगरावर स्थिर असतांना कोणीं सर्व बाजू बंद करून पत्ते खेळले, तर त्यांत कोणाची ठेव बुडत नाहीं. फार तर वाऱ्याला अंग मोठें मिळून नौका नांगराभोंवतीं जास्त झुलते, एवढी जाणीव ठेवावी. माप ठरवावयाचें तें चालत्या नौकेसाठीं, आणि रात्रीसाठीं.

माझा विद्यार्थी शेवटीं तात्त्विक चर्चेला कंटाळला आणि त्यानें सांगाडा उभा केला. कापड कापण्याआधीं नमुना घेण्यासाठीं स्वस्त प्लास्टिकचे तक्ते ताणून चिकटवितात, तसे त्यानें चारी बाजूंना चिकटविले. मग त्याची पत्नी लहान होडी घेऊन मागें मागें वल्हवीत गेली. दर दहा वल्ह्यांनंतर ती एक हांक मारी आणि आम्हीं आंतून हात वर करावयाचा. सगळें बंद असतांना चौथ्या हांकेलाच आमचे हात खालीं राहिले. बाजूचे पडदे तसेच ठेवून फक्त मागचा तक्ता काढला, तेव्हां ती नवव्या हांकेपर्यंत ऐकूं येत होती. मग समोरून एक पाळीव कुत्रा भुंकूं लागला आणि प्रयोग थांबला. नंतर ती स्वतः तासभर सुकाणूपाशीं बसून पाहून आली. पाठ उघडी असली तरी तुषार पुढून येतात, बोटांना पुरेशी ऊब राहते, असा तिनें निर्णय दिला. फक्त पडद्यांच्या चेनी आंतूनहि एका हातानें उघडतील अशा लावाव्या, ही तिची अट.

हिवाळ्यांत त्याचें पत्र आलें. टप, छत आणि बाजूचे पडदे शिवून झाले आहेत. टपाचें मधलें तावदान वर गुंडाळतां येतें. उंची तिच्या डोळ्यांच्या मापानें घेतली, त्याला स्वतःला किंचित वांकावें लागतें. मागचा तुकडा कापलाच नाहीं. दोन मीटर कापड उरलें होतें, त्याच्या तिनें दोर ठेवण्याच्या पिशव्या शिवल्या.